मावशीचे चार तास

वहिनी कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, शंभर-शंभर पोरांनी एका सांगण्यात ऐकलं, मग एका दिराला काय धाड भरलीय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बुधवारी सकाळी भाऊजींच्या पुढ्यात चहाचा कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "रविवारी भंगारवाला येतोय. मावशीला घेऊन जाईल," आणि सरळ भांडी विसळायला लागल्या.

भाऊजींना असा ठसका लागला की बशीतला चहा शर्टावर आला.

गैरसमज नको, मावशी म्हणजे कुणी नात्यातली बाई नव्हे. वहिनी कडक होत्या, पण इतक्याही नव्हत्या. मावशी म्हणजे ट्रॅक्टर. भाऊजींच्या थोरल्या भावाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, तो कुणाच्या तरी गोठ्यामागून सुट्या भागांत उचलून आणला होता. तेव्हाच तो म्हातारा होता. "चार दिवस ठेवू, दुरुस्त करू, देऊन टाकू," असं दादा म्हणाले होते. चार दिवसांसाठी आलेली आणि कायमची राहिलेली, वर दिवसभर धुसफुसणारी, म्हणून तिचं नाव मावशी पडलं. बटण दाबून सुरू व्हायची तिच्या काळात पद्धतच नव्हती. पुढून लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं, आणि तिची मर्जी असेल तर ती बोलायची.

"वहिनी, अहो, चालते ती!" भाऊजी शर्ट पुसत म्हणाले.

"कुठे चालते? अठरा वर्षांत शेडच्या उंबऱ्याबाहेर गेलेली मी पाहिली नाही."

"सुरू होते म्हणजे. परवाच केली होती."

"सुरू होणं वेगळं आणि चालणं वेगळं. दोन निराळी क्रियापदं आहेत." वहिनींनी नळ बंद केला. "बोळात माझी सव्वीस खोकी पुस्तकं पडलीत भाऊजी. उंदरांनी व्याकरण संपवलं, आता निबंधांवर आलेत. मला शेड पाहिजे."

भाऊजी तीस वर्षं बसडेपोत मेकॅनिक होते. बंद पडलेल्या बसखाली पाठीवर झोपून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, पण वहिनींसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलायची म्हटली की जीभ जड. त्यात वहिनींचं खोटंही नव्हतं. मावशी सुरू व्हायची हे खरं. पण पाव तास झाला की ती एक उसासा टाकायची आणि गप्प. मग तासभर हात जोडा, पाया पडा, ऐकायची नाही. भाऊजींनी तेल बदललं, प्लग बदलले, नळ्या फुंकल्या, कार्बोरेटर खोलून पितळी पेल्यासारखा लख्ख केला. पाव तास म्हणजे पाव तासच. बसडेपोत ज्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, त्याला घरातली एक म्हातारी बरी करता येईना, ही गोष्ट भाऊजींनी कुणालाही सांगितली नव्हती.

आणि दुसरी एक गोष्टही सांगितली नव्हती. रोज सकाळी "जरा ग्रीस मारून येतो" म्हणून ते शेडमध्ये जायचे, ते ग्रीस मारायला नव्हे. अहो, ग्रीस मारून मारून किती मारणार! ते नुसते सीटवर बसायचे. लोखंडी सीट, दादांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. दादा गेल्यापासून भाऊजींना मन मोकळं करायला तेवढी एकच जागा होती. तीच रविवारी जाणार होती.

"वहिनी, एक संधी द्या," ते म्हणाले. आवाज जरा चिरकलाच. "एकच."

वहिनींनी पदराला हात पुसले. शाळेत नापास पोरं अशीच दारात उभी राहायची, आणि वहिनींनी फेरपरीक्षा कधी कुणाला नाकारली नव्हती.

"ठीक आहे. शनिवारी काढा बाहेर. मागच्या गवतात नांगर जोडा, आणि न थांबता चार तास काढून दाखवा. जमलं, तर मावशी इथेच राहील. नाही जमलं, तर रविवारी गुमान बाजूला व्हायचं."

भाऊजी बघतच राहिले. आधी त्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. तुम्हा-आम्हाला तास म्हटलं की घड्याळ आठवतं. भाऊजींच्या मनगटावर जन्मात घड्याळ नव्हतं. डेपोत भोंगा व्हायचा, घरी वहिनी होत्या. पण नांगर म्हटला की तास म्हणजे काय, हे त्यांना दादांनी शिकवलं होतं. नांगराचा फाळ जमिनीत जी लांबलचक चरी काढत जातो, ते तास. आणि मावशीच्या मागचा नांगर होता चार फाळांचा. चार फाळ शेजारी शेजारी. म्हणजे या टोकाकडून त्या टोकाला एकदा गेलं, की एका दमात चार तासं! पाच मिनिटांचं काम. मावशीचा पाव तासाचा दम त्याला तीनदा पुरला असता.

'देवमाणूस आहे ही बाई,' भाऊजींच्या मनात आलं. 'उगाच आपण घाबरतो.'

"चारच, वहिनी?" ते म्हणाले. अंगात एकदम वारं भरलं होतं. "अहो, म्हणत असाल तर दुपारपर्यंत चाळीस काढतो!"

शेजारचे पोस्टमास्तर रोजच्यासारखे पेपर वाचायला ओट्यावर बसले होते. ते निवृत्त झाले तरी शिक्का मारल्यासारखंच बोलायचे. त्यांनी पेपर खाली घेतला. "दुपारपर्यंत चाळीस तास?"

"लक्ष देऊ नका," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींचं गणित पहिल्यापासून कच्चं. आमचे हे नेहमी सांगायचे. चार पुरेत भाऊजी. चार काढलेत तरी देव पावला."

तोंडी व्यवहारावर वहिनींचा विश्वास नव्हता. त्यांनी वहीचा कागद फाडला, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'शनिवारी मागच्या गवतात ट्रॅक्टर व नांगर यांनी न थांबता चार तास काढून दाखवणे,' आणि खाली तिघांच्या सह्या झाल्या. सही करताना भाऊजींनी कागद दोनदा वाचला आणि त्यांच्या मिशा हलल्या. 'तास'वर अनुस्वार नव्हता! चार तासं लिहायला हवं होतं, वहिनींनी नुसतं तास लिहिलं होतं. या बाईने ओट्यावर ठेवलेली त्यांची प्रत्येक चिठ्ठी तांबड्या शाईने दुरुस्त करून परत दिली होती. 'मी दुध आणतो' लिहिलं, तर दूध येईपर्यंत 'दू' दीर्घ झालेला असायचा. आणि आज तीच बाई अनुस्वार विसरली. भाऊजींनी चकार शब्द काढला नाही. मोठ्यांच्या चुका दाखवू नयेत.

गुरुवार, शुक्रवार भाऊजी शेडमध्येच. नांगर गंजला होता. विटेच्या तुकड्याने, मग तेलाच्या बोळ्याने घासून घासून त्यांनी चारही फाळांमागचे वाकडे पत्रे असे चकचकीत केले की त्यात दाढी करावी. फाळांच्या पुढे गवत कापत जाणाऱ्या गोल चकत्यांना धार लावली. मावशीला, हौस म्हणून, रंगाचा एक हात मारला. हे दर वर्षीचं होतं. दादा गेल्यापासून मावशीवर रंगाचे अठरा थर चढले होते. काम करताना भाऊजी चक्क शीळ घालत होते, आणि वहिनींना काही ते बरं दिसेना.

"चार तासांचं टेन्शन नाही वाटतं तुम्हाला?" त्यांनी शेडच्या दारातून विचारलं.

"टेन्शन कसलं वहिनी! डोळे मिटून काढीन."

"डोळे उघडे ठेवूनच काढा," वहिनी म्हणाल्या, क्षणभर सीटकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

शनिवारी सकाळी नऊला पोस्टमास्तर मनगटी घड्याळ, खिशातलं घड्याळ आणि वही घेऊन हजर झाले. वहिनी लाल छत्री घेऊन उभ्या राहिल्या. समोर तीन एकर गवत. अठरा वर्षांत तिथे नांगर नाही, काही नाही. मुळांची अशी चटई झाली होती की कुदळ मारली तर परत उडावी.

भाऊजींनी हँडल घातलं. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवला, कारण मावशी उलटा झटका द्यायची आणि दादांचा अंगठा तिने एकदा मोडला होता. पहिल्या फेऱ्याला मावशी खोकली. दुसऱ्याला शिंकली. तिसऱ्याला असा आवाज केला की पोस्टमास्तरांच्या हातातली पेन्सिल पडली, आणि काळ्या धुरात तिघंही दिसेनासे झाले.

"नऊ वाजून दोन मिनिटं!" धुरातून पोस्टमास्तर ओरडले.

भाऊजी सीटवर चढले. मावशी शेडबाहेर आली, अठरा वर्षांनी उन्हात आली, आणि खरं सांगायचं तर भाऊजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धुराचं म्हणा हवं तर. गवताच्या कडेला त्यांनी तिचं तोंड लावलं, मागची दोरी ओढली, आणि चारही फाळ खाली बसले. मावशीने एक हिसका खाल्ला, दबली, आणि मग टराटरा आवाज सुरू झाला. जुनं गोणपाट फाडावं तशी मुळं फाटत होती. भाऊजींना राहवेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. गवताचे चार लांब पट्टे उभे राहत होते, कुशीवर वळत होते आणि पालथे पडत होते. हिरवं खाली, काळं वर. ओल्या मातीचा वास येत होता. काय सुंदर चाललं होतं! नांगरणाऱ्याने मागे वळून बघत बसू नये, हे दादांनी शंभरदा सांगितलं होतं, पण भाऊजी बघतच राहिले. पुढे पाहिलं तेव्हा ते कुंपणाच्या बऱ्याच जवळ गेले होते. त्यांनी घाईने चाक फिरवलं, जरा जास्तच फिरलं, परत फिरवलं, आणि असं करत करत दुसरं टोक आलं. त्यांनी दोरी ओढून फाळ वर घेतले. मावशीने ठरल्याप्रमाणे एक उसासा टाकला आणि बंद पडली.

भाऊजी सीटवर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. कुस्ती मारलेला पैलवानही इतके वर करत नाही.

त्या टोकाकडून वहिनी आणि पोस्टमास्तर चालत आले. वहिनींचा चेहरा मऊ झाला होता. हरलेल्या पोराशी त्या नेहमीच बऱ्या वागायच्या.

"बघितलंत ना?" भाऊजी म्हणाले.

"बघितलं. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाचं? सांगा आता भंगारवाल्याला, येऊ नको म्हणून."

"का?"

"का म्हणजे? काढली की चार तासं!"

पोस्टमास्तरांनी दोन्ही घड्याळं पाहिली. मग एक कानाला लावलं. "पंधरा मिनिटं," ते म्हणाले.

"मिनिटं कोण विचारतंय! मोजा ना. एक, दोन, तीन, चार!" भाऊजी उडी मारून खाली उतरले आणि एकेका चरीत पाय टाकत ओरडले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

वहिनी त्या चार चरींकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताना स्पष्ट दिसला, कारण आधी कान लाल झाले.

"भाऊजी! मी घड्याळाचे तास म्हटलं होतं!"

"नांगर जोडून घड्याळाचे? नांगर काय वेळ दाखवतो?"

"नांगराचं असतं तर मी 'तासं' लिहिलं असतं. ते तास, ती तासं. नपुंसकलिंग! कागदावर अनुस्वार आहे का?"

"नाहीये ना! मला त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊजींनी मान खाली घातली. "इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या एवढ्या चुका काढल्यात. म्हटलं, एक तुमचीही असू दे. कशाला चारचौघांत दाखवायची."

पोस्टमास्तर खाकरले. हसू दाबायचा हा त्यांचा सरकारी मार्ग. कागद त्यांच्याच वहीत होता. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, उन्हात धरला. "एक अनुस्वार सोडला, तर मजकुरात दोन्ही बसतं. नांगर लिहिलाय, घड्याळ लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "शब्दावर गेलं तर भाऊजी जिंकले. मनात काय होतं, हे पाहायला गेलं तर वहिनी. पत्त्यावर जे लिहिलंय तिथे पत्र द्यायचं, हा आमचा नियम. लिहिणाऱ्याच्या मनात दुसरं घर असेल, तर पोस्ट काय करणार?"

म्हणजे भाऊजी जिंकले होते. मावशी राहणार होती. आता नाचायला हरकत नव्हती. पण वहिनींनी छत्री मिटली. त्या चार तासांच्या कडेने त्या हळूहळू चालत निघाल्या. भाऊजींना वहिनींना हरवायचं कुठे होतं! शब्दात पकडून जिंकलं, की माणसाला जिंकल्यासारखं वाटत नाही. ते मागोमाग गेले.

"वहिनी, रागावलात?"

"वाकडं आहे," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तास. हे बघा, इथे पोट आलंय. इथे आत गेलंय. अनुस्वाराचं सोडा, हा तर नागमोडी अवग्रह झालाय."

"जमीनच जरा उंचसखल…"

"नाचता येईना अंगण वाकडं! याच जमिनीत यांची तासं दोरी लावल्यासारखी असायची." वहिनी थांबल्या. पुढचं त्या वळून न बघता बोलल्या. "मला पुस्तकांसाठी शेड पाहिजे, हे अर्धंच खरं आहे भाऊजी. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचं दार दिसतं. सीटवर कुणीतरी बसलेलं दिसतं. अठरा वर्षं झाली, रोज एक क्षण मला वाटतं, हे आलेत. आणि दरवेळी तुम्ही असता."

भाऊजी दोन पावलं मागे सरकले. तोंडातून निघालं, "चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही तुम्हीच असणार, दुसरं कोण असणार!" वहिनींनी पदराने नाक पुसलं. "बंद का पडली ती?"

मग मात्र भाऊजींनी सगळं सांगून टाकलं. पाव तास, उसासा, कार्बोरेटर, सगळं. मेकॅनिक असून जमत नाही, हेही सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता?

वहिनींनी नीट ऐकून घेतलं. "कधीपासून होतंय असं?"

"दादा गेले, त्याच्या पुढच्या वर्षापासून."

"आणि टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं होतं?"

"कसलं भोक?"

"अहो, हे सुरू करायच्या आधी दरवेळी माझ्याकडे आकडा मागायचे. केसांतला. त्या झाकणात टोचून टोचून परत द्यायचे. मी म्हणायची, माझ्या अंबाड्याला रॉकेलचा वास येतो. तर म्हणायचे, मावशीला श्वास घ्यायला नको का?"

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले. मग धावत सुटले. बासष्टाव्या वर्षी आणि नांगरलेल्या जमिनीतून! टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं. गुळगुळीत. रंगाच्या अठरा थरांखाली ते बारीक भोक केव्हाच बुजून गेलं होतं. तेल खाली जायला वरून हवा आत यायला हवी. हवा बंद, की पाव तासात टाकी तेल सोडायची थांबणार. शाळेतल्या पोरालाही कळावं असं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि रंग दरवर्षी मारला कुणी? प्रेमाने, हौसेने? भाऊजींनीच.

"डेपोत कुणाला सांगू नका," ते पोस्टमास्तरांना म्हणाले.

वहिनींनी अंबाड्यातला आकडा काढला, झाकण मांडीवर धरलं आणि रंग टोकरला. बराच टोकरावा लागला. शेवटी झाकण उचलून त्यांनी एक डोळा मिटला आणि त्यातून आभाळ पाहिलं. "आता येतोय श्वास," त्या म्हणाल्या. मग आकडा पुसून केसांत खोचला. "त्या कडेने नवीन सुरुवात करा. पहिलं तास वाकडं गेलं, की मागची सगळी वाकडी जातात. मी समोर उभी राहते. छत्रीवर नजर ठेवायची. मागे वळून बघायचं नाही."

"दादांना तुम्ही…"

"नाहीतर कोण उभं राहायचं? यांना काय नुसत्या हवेत सरळ दिसत होतं?"

तर अशी गंमत. दादांच्या सरळ तासांची गावभर वाहवा व्हायची, भाऊजी इतकी वर्षं त्यांच्या हातांना मानत आले होते, आणि दुसऱ्या टोकाला लाल छत्री घेऊन कोण उभं असतं, हे डेपोत कामाला असलेल्या भाऊजींना कधी दिसलंच नव्हतं.

मावशी दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाली. पोस्टमास्तरांनी, सवयीने, वेळ लिहिली: नऊ सत्तावन्न. भाऊजींनी दूरवरच्या लाल ठिपक्यावर डोळे लावले आणि फाळ सोडले. पाव तास झाला. त्यांचे कान त्या उसाशाकडे लागले होते. उसासा आला नाही. अर्धा तास झाला. मावशी जेवून उठल्यासारखी एका लयीत बोलत होती. एकदा पहिलं तास सरळ पडलं, की मग खुणेची गरज नसते; ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक आधीच्या चरीत धावतं आणि गाडी आपोआप ओळीत राहते. वहिनींना हे ठाऊक नसेल असं नाही. पण त्या हलल्या नाहीत. प्रत्येक फेरीला चार पावलं बाजूला सरकायच्या आणि छत्री सरळ धरून उभ्या राहायच्या. पोस्टमास्तरांनी स्टूल आणून दिलं, त्यावर बसल्या नाहीत, पिशवी ठेवली. भाऊजींना पाणी द्यायचं तर मावशी थांबवून चालणार नव्हतं. मग पोस्टमास्तर तांब्या घेऊन ट्रॅक्टरच्या बाजूने नांगरलेल्या ढेकळांतून धावले. निम्मं पाणी भाऊजींना मिळालं, निम्मं मावशीला.

दुपारी एक वाजता वहिनी छत्री हलवून जेवायला हाक मारू लागल्या. भाऊजींना वाटलं, तास वाकडं जातंय. त्यांनी आणखी डोळे ताणले. दोनला पोस्टमास्तर दोन्ही हात हलवत आडवे आले आणि घड्याळाकडे बोटं दाखवायला लागले. भाऊजींनी त्यांना वळसा घातला. एक पट्टा राहिला होता, गवताचा, सुरुवातीच्या वाकड्या तासांच्या शेजारचा. तो त्यांनी घेतला, वाकडं सगळं गाडून टाकलं, आणि मग कुठे फाळ वर उचलले. तीन एकरांत हिरवं पातं दिसत नव्हतं.

"चार तास, अकरा मिनिटं," पोस्टमास्तर वहीत लिहीत म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "न थांबता. दोन्ही प्रकारचे."

मावशी धडधडत होती. भाऊजी सीटवरच बसून होते. हात स्विचपर्यंत जात होता आणि परत येत होता.

वहिनी जवळ आल्या. छत्री मिटलेली, चेहरा उन्हाने लालबुंद, चपला मातीने भरलेल्या. "बंद करा आता. कान गेले माझे."

"बंद केली आणि परत सुरू नाही झाली तर?"

"होईल. मी आहे, आकडा आहे." मग त्यांनी वर, सीटकडे पाहिलं. "आज चार तास बघत होते तुमच्याकडे. एकदाही हे आहेत असं वाटलं नाही. लांबूनसुद्धा तुम्हीच दिसत होता."

भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे तासं…"

"सरळ होती हो! बरं वाटलं, असं म्हणतेय मी. कळत कसं नाही तुम्हाला साधं?" वहिनी म्हणाल्या आणि तरातरा घराकडे चालू लागल्या. भाऊजींनी मावशी बंद केली. एकदम इतकं शांत झालं की वहिनींच्या चपलांतली माती पडतानाही ऐकू आली असती.

रविवारी भंगारवाला आला, तोही सहा माणसं घेऊन. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? वहिनींनी त्याला शेडमधल्या सात गंजक्या सायकली, तेलाचे पिचके डबे आणि भाऊजींनी "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेला अर्धा बसडेपो दाखवला. भाऊजी प्रत्येक डब्यामागे कळवळले, पण बोलले नाहीत. दुपारपर्यंत मावशीच्या डाव्या बाजूला सव्वीस खोकी रचून झाली.

सोमवारी सकाळी ते ग्रीस मारायला म्हणून शेडमध्ये गेले. भिंतीवरच्या खिळ्याला तो कागद टांगलेला होता. 'न थांबता चार तास काढून दाखवणे.' 'तास'वर तांबड्या शाईने एक ठसठशीत अनुस्वार दिला होता, आणि बाजूला समासात वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझा अर्धा गुण वजा.' त्याच खिळ्याला केसांचा एक आकडा अडकवला होता. भाऊजींनी तो घेतला, झाकणाच्या भोकात घालून नीट साफ केलं आणि परत खिळ्याला लावला. मग ते सीटवर चढून बसले. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, चहा झालाय!"